आधी पत्ता, मग प्रश्नावली: सांगली जिल्ह्यात मुलांच्या मनाशी काम करायचं तर

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, रांगेमागे एक बाभळ होती. डिसेंबरातली दुपार. तिच्या सावलीत बसून मी एका मुलीला छापील प्रश्न विचारत होते. वय बारा-तेरा, कडेवर धाकटा भाऊ, आणि तो तिच्या ओढणीचं टोक चोखत बसलेला. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "ताई, समदं खरं सांगितलं तर तुम्ही काय करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवीत फॉर्मचा गठ्ठा होता, चार पेनं होती, पाण्याची बाटली होती. पण या मुलीला कुठे न्यायचं, कोण नेणार, तिच्या आईचा त्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मी "बघू आपण" म्हणाले. तिनं उरलेल्या सगळ्या प्रश्नांना "न्हाई" असं उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात मी गेले तोवर तिची टोळी दुसऱ्या गावाच्या फडावर हलली होती.

ही चूक माझी आणि माझ्या गटाची. पुढचं सगळं त्या चुकीतून आलेलं आहे. समाजकार्याचे किंवा मानसशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक, आशाताई, गावातली तरुण मंडळं, ज्यांना अडचणीतल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करायचाय किंवा त्यांना आधार द्यायचाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अभ्यास आणि आधार ही दोन वेगळी खाती आहेत असं कागदावर वाटतं. बाभळीखाली बसलं की ती वेगळी राहत नाहीत.

पहिली पायरी: कोणती मुलं, ते एका वाक्यात लिहा

"वंचित मुलं" हा शब्द प्रस्तावात छान दिसतो, कामाला येत नाही. सांगली जिल्ह्यात या एका शब्दाखाली किती वेगळी पोरं येतात ते बघा. बीडकडून आई-बापाबरोबर ऊसतोडणीला आलेली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ज्यांचं घर पाण्याखाली गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा गेलं, ती कृष्णाकाठची. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली, त्या गावातली. विटा, खानापूर, आटपाडीकडची, ज्यांचे आई-वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला आणि स्वतः आजी-आजोबांपाशी. बालगृहातली. घरात कुणी आत्महत्या केलेली.

यांची दुखणी एकसारखी नाहीत. पूरग्रस्त मूल आभाळ भरून आलं की शाळेतून घरी पळतं. गलाईवाल्याच्या मुलाकडे चांगला मोबाइल असतो, पैसा असतो, गावाला वाटतं याला काय कमी. तोडणीवरच्या मुलीला पाळण्यातल्या भावाची जबाबदारी असते आणि कोपीला दार नसल्याची भीती असते. एकच फॉर्म घेऊन सगळीकडे हिंडलात तर हातात सरासरी येईल, आणि सरासरीला कुणी मूल म्हणत नाही. एक गट निवडा, एक तालुका निवडा, एक हंगाम ठरवा.

दुसरी पायरी: पत्त्यांचा कागद

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते. एकही मूल भेटण्याआधी पंधरा दिवस फक्त याच कामाला ठेवा.

एक कोरा कागद घ्या आणि प्रश्न असा ठेवा: उद्या दुपारी चार वाजता एखाद्या मुलानं मला गंभीर काही सांगितलं, तर पाच वाजता मी कुणाला फोन करणार?

कागदावर सगळ्यात वर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही फोनसेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. तोडणीवाल्यांसाठी तिचा मोठा गुण असा की टोळी कुठेही हलली तरी नंबर तोच राहतो. त्याखाली १०९८, मुलांसाठीचा नंबर. मग तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

त्यानंतर माणसं असलेल्या जागा. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथला मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, जो देशात १९९६ पासून टप्प्याटप्प्यानं जिल्ह्याजिल्ह्यांत आला. किशोरवयीन मुलामुलींसाठीचं मैत्री क्लिनिक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं, जी अंगणवाड्या आणि शाळांत फिरून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. वाढीतला उशीर, बोलण्यातली अडचण अशा गोष्टी त्यांच्याकडूनच पुढे जातात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष. बाल कल्याण समिती, म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्यांची ती बैठक, जिच्यापुढे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांच्या आत न्यावं लागतं. सातारकरांनी आपल्या कागदावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन ही संस्थाही टाकावी. घरातली दारू हा मुलाच्या दुखण्याचा अर्धा भाग असतो आणि तिथे व्यसनमुक्तीचं काम चालतं.

आता हा कागद गूगलवरून भरायचा नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचं. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, मुलांना कोणत्या वारी बघतात, किती वाजता गर्दी कमी असते, आधारकार्ड नसलेल्या मुलाचं काय करतात, मजला कितवा, हे सगळं लिहून आणायचं. शक्य झालं तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांशी किंवा परिचारिकेशी दोन शब्द बोलून ठेवायचे. मी एकदा एका मुलाला आणि त्याच्या आजीला घेऊन गेले, तर त्या दिवशी तो विभागच नव्हता. आजी जाताना एवढंच म्हणाली, "बाई, दिवस मोडला." ती पुन्हा आली नाही. जतच्या पूर्व भागातल्या खेड्यातून मिरजेला यायचं म्हणजे पहिली एसटी गाठायची आणि दिवेलागणीला परतायचं. अशा माणसाला एकच संधी मिळते, ती आपल्या अर्धवट माहितीनं घालवायची नाही.

खर्चाचा रकानाही याच कागदावर. जाण्यायेण्याचं भाडं, बरोबरच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी. अभ्यासाच्या बजेटमध्ये छपाईला पैसे असतात आणि या रकान्याला नसतात, हे मी अनेकदा पाहिलं. उलट करा. फॉर्म निम्मे छापा.

आणखी एक. आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुण्याचं येरवड्याचं मनोरुग्णालय येतं. "पोरगीला येरवड्याला टाकताय व्हय?" हे मला एका बापानं खरंच विचारलं होतं. तेव्हा पाठवण्याआधी सांगायचं की ही बाह्यरुग्ण तपासणी आहे, बोलणं असतं, बहुतेक वेळा संध्याकाळी माणूस घरी येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायची वेळ आलीच, तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस त्याच्याबरोबर राहतं. एवढं ऐकलं की बापाचे खांदे जरा खाली येतात.

तिसरी पायरी: परवानगी कुणाची, आणि 'नाही' म्हणायची मुभा

अभ्यास असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी. विद्यापीठ किंवा महाविद्यालय आपल्या विद्यार्थ्याला ती मिळवून देतं. गावातल्या मंडळानं एखाद्या महाविद्यालयाला बरोबर घ्यावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मुलांवरच्या संशोधनासाठीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचा गाभा असा: अठरा वर्षांखाली पालकांची लेखी संमती लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा, बारा ते अठरामध्ये त्याला कळेल अशा सोप्या भाषेतला लेखी होकार.

प्रत्यक्षात गोची वेगळीच होते. तळावर गेलात की पहिल्यांदा भेटतो टोळी घेऊन आलेला मुकादम. तो म्हणतो, "घ्या हो ताई, कुणाला पण विचारा, माझीच माणसं हायती." त्याची परवानगी तळावर पाय ठेवायला उपयोगी, मुलाशी बोलायला नाही. ज्या घरानं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलीय ते मुकादमासमोर नाही म्हणू शकत नाही. म्हणून तो नसताना, संध्याकाळी चुली पेटल्यावर, घरोघर जाऊन पुन्हा विचारायचं. शाळेतही तेच. मुख्याध्यापकांनी वर्गावर येऊन "सगळ्यांनी फॉर्म भरायचाय" असं सांगितलं की होकार संपला, तिथून पुढे हुकूम.

मी मुलांना साधारण असं सांगते: "मी तुझ्यासारख्या मुलांशी बोलते, कारण तुम्हाला काय त्रास होतो ते मला समजून घ्यायचंय. नको वाटलं तर नाही म्हण, मधेच उठून जा, मला राग येणार नाही आणि तुझ्या आईला किंवा सरांना मी काही सांगणार नाही. तू सांगशील ते माझ्याकडे राहील. फक्त एक गोष्ट सोडून. तुझ्या जिवाला धोका आहे, किंवा कुणी तुला त्रास देतंय, अंगाला हात लावतंय असं कळलं, तर मला ते दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल. कुणाला सांगायचं ते मी आधी तुला सांगेन."

हे शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो, कारण ते ऐकून मूल गप्प बसेल अशी भीती असते. गाळू नका. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. "गुपित ठेवते" असं वचन देऊन नंतर पोलिसांना फोन करणं म्हणजे त्या मुलीचा दुसऱ्यांदा विश्वासघात. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांचं प्रेमप्रकरणही याच कायद्याच्या कक्षेत येतं; तेव्हा अशा वेळी नेमकं काय करायचं ते नैतिकता समिती आणि वकिलाशी आधीच बोलून लिहून ठेवा. ऐनवेळी डोकं चालत नाही.

चौथी पायरी: प्रश्नावली, आणि तिची जागा

मुलांच्या चाचपणीसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली एसडीक्यू या नावानं ओळखली जाते. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञानं ती १९९७ मध्ये मांडली. २५ वाक्यं, पाच गटांत: भावनिक त्रास, वागणुकीतल्या अडचणी, चंचलपणा, सोबत्यांशी संबंध, आणि दुसऱ्याला मदत करायची वृत्ती. शेवटचा गट सोडून उरलेल्या चारांची बेरीज शून्य ते चाळीस. अकरा वर्षांपुढचं मूल ती स्वतः भरू शकतं. लहानांसाठी पालक किंवा शिक्षक भरतात. तिचे शब्द आपल्या मनानं बदलायला मनाई आहे, अधिकृत भाषांतरच वापरावं लागतं.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. आकडा जास्त आला म्हणजे "या मुलाला आजार आहे" असं नाही. "याच्याशी नीट बसून बोला", एवढंच ती सांगते. आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. हा आकडा इथल्या अहवालांत सर्रास चिकटवलेला दिसतो. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं होतं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. कारखान्याच्या तळावरच्या मुलांबद्दल तर त्यावरून काहीच ठोकून देता येत नाही.

प्रश्नावलीबाहेरचं आपलं बोलणं मात्र आपल्या हातात असतं, आणि तिथे शब्द जपून निवडावे लागतात. "तुला नैराश्य वाटतं का?" यावर मुलं हो म्हणतात, कारण ताई विचारतायत. "चिंता" म्हटलं की घरची पैशांची चिंता सांगतात. आमच्याकडे जे शब्द चालले ते असे: करमत नाही. जीव घाबरा होतो. छातीत धडधडतं. कशात मन लागत नाही. रात्री दचकून जाग येते. डोकं जड पडतं. पुष्कळ मुलं मनाचं दुखणं पोटानं सांगतात. शाळेत दर सोमवारी पोट दुखणाऱ्या मुलाला ओवा देण्याआधी रविवारी घरी काय होतं ते विचारून बघा. बीडची मुलं "मला कसनुसं व्हतंय" म्हणतील तेव्हा त्याचा अर्थ तुम्ही लावू नका, त्यांनाच विचारा, "कसनुसं म्हणजे? कुठं? कधी?" जतच्या सीमेकडच्या कित्येक घरांत कन्नड बोलतात, लमाण तांड्यांवर त्यांची स्वतःची भाषा. तिथे शाळेतली मराठी म्हणजे परक्याचीच. दहा मुलांबरोबर आधी तालीम करा आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, "मी काय विचारलं ते तुझ्या शब्दांत सांग बघू." या तालमीत माझे निम्मे प्रश्न पडले.

आणि घरच्यांचे शब्द हसण्यावारी नेऊ नका. "बाहेरचं लागलंय", "अंगात येतं" असं आई म्हणाली तर ती खोटं बोलत नाही, तिला दिसलं ते तिच्या भाषेत सांगते. देवाला जायचं तर जा, पण डॉक्टरलाही दाखवू, असं मी म्हणते. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असं काही चाललं असेल तर मात्र समजुतीची भाषा संपते. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पाचवी पायरी: कुठे बसायचं, कसं ऐकायचं

जागा अशी हवी की लोकांना तुम्ही दिसाल पण ऐकू येणार नाही. झाडाखाली, ओट्यावर, मैदानाच्या कडेला. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कधीच नाही. तोडणीचे आई-बाप पहाटे अंधारात निघतात, तेव्हा मुलं दिवसभर एकटी असतात. म्हणून दिवसा बोलणं सोपं वाटतं. पण घरच्यांना न सांगता बोलू नका. मुलीच्या कडेवर बाळ असतं, त्यासाठी एक सहकारी खुळखुळा घेऊन बरोबर ठेवा. माझ्या सगळ्या तयारीत सर्वांत कामाला आलेली वस्तू हीच.

पूर पाहिलेल्या मुलांना "तेव्हा काय झालं ते सांग" असं विचारू नका. सगळं एका बैठकीत बोलून मोकळं केलं की बरं वाटतं, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना अशा एका बैठकीतल्या उकरण्याचा सल्ला देत नाही. तिची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत तीन शब्दांत बसते: पाहा, ऐका, जोडा. मूल सुरक्षित आहे का ते पाहा, ते स्वतःहून बोलेल तेवढं ऐका, गरज असेल त्या माणसाशी जोडून द्या. "रडू नकोस", "तू मोठी आहेस ना", "इतरांचं तर याहून वाईट झालं" ही तीन वाक्यं गावातल्या प्रत्येकानं आधीच म्हणून झालेली असतात.

सहावी पायरी: मरणाचा विषय निघाला तर

थेट विचारा. "तुला मरून जावंसं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर पुढचे प्रश्न तितक्याच शांतपणे: कधीपासून, कसं करायचं ठरवलंय, ती वस्तू घरात आहे का, पूर्वी कधी केलं होतं का.

"औषध पिणं" याचा आपल्याकडे काय अर्थ होतो ते वेगळं सांगायला नको. तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीचे डबे घरात, गोठ्यात, कधी देव्हाऱ्याखालीही असतात. आत्महत्येचा झटका बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढ्या वेळात हाताला काय लागतं त्यावर जीव ठरतो. म्हणून समुपदेशनाचे शब्द सुचत नसतील तरी चालेल, पण घरच्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन डबे त्याच दिवशी कुलपात घालायला लावा आणि किल्ली त्याच्या कमरेला. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही, त्याचा थोडा घोटही जीव घेतो. तो डबा घरात नसलेलाच बरा.

मुलाला एकटं सोडायचं नाही. त्याच्यासमोरच १४४१६ लावायचा, दवाखान्यात बरोबर जायचं. काही प्यायलेलंच असेल तर १०८, किंवा मिळेल ती गाडी. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका, त्यात विष श्वासनळीत उतरतं. डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्या, डॉक्टरांना काय प्यायलंय ते कळायला हवं. पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात, उशीर करतात. त्यांना सांगा: मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असं पाऊल उचललेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, तिला त्यासाठी शिक्षा होत नाही.

सातवी पायरी: डॉक्टर नसलेल्यानं काय करायचं

पुष्कळ काही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत झालेला सेहेर नावाचा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकानं शाळाभर काम केलं, दुसऱ्यात तेच काम शिक्षकाकडे दिलं. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांचं नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. मला हा निकाल शिक्षकांना नावं ठेवायला वापरलेला आवडत नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं सांभाळून त्यांनी मुलांचं मनही सांभाळावं, ही अपेक्षाच मोडकी आहे. या कामाला वेगळं माणूस हवं, एवढंच त्यातून घ्यायचं. ते पदवीधरच असावं असं नाही.

दिल्लीच्या सरकारी शाळांत झालेल्या दुसऱ्या एका कामात अशाच प्रशिक्षित साध्या माणसांनी मुलांना अडचण सोडवण्याच्या पायऱ्या शिकवल्या. मी तीच रीत वापरते, वहीच्या एका पानावर. वर अडचण, मुलाच्या शब्दांत. खाली सुचतील ते मार्ग, वेडेवाकडेही. त्यातला एक निवडायचा, आठवडाभर करून बघायचा, पुढच्या भेटीत काय झालं ते लिहायचं. एका मुलानं अडचण लिहिली होती: "रात्री बापू दारू पिऊन आला की झोप येत नाही, सकाळी शाळेत झोपतो." दारू बंद करणं त्याच्या हातात नव्हतं. मार्गांत त्यानं लिहिलं: शेजारच्या आत्याकडे झोपायचं. आत्यानं आधीच दोनदा बोलावलं होतं, पण विचारायची लाज वाटत होती. ते विचारायचं कसं, याची आम्ही दोनदा तालीम केली, मी आत्या झाले. तो आठवड्यातले चार दिवस झोपायला लागला.

कधी कधी दुखणं मनाचं नसतंच, कागदाचं असतं. मूळ गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड न दिल्यानं इथे वर्गात बसवून घेत नाहीत. वडील गेल्यावर घरात पैसा नाही म्हणून शाळा सुटणार. अशा वेळी तासभर समुपदेशन करण्यापेक्षा बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. अनाथ किंवा एकच पालक उरलेल्या संकटातल्या मुलांसाठी दरमहा २२५० रुपये मिळतात आणि अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो.

आठवी पायरी: नावं, फोटो आणि पट्टा पडण्याआधीचा आठवडा

एका शाळेत "लक्ष द्यायची मुलं" अशी अकरा नावांची यादी शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेली. संध्याकाळपर्यंत ती पालकांच्या गटात होती. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका मुलाला वर्गात नवं नाव पडलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे नावांची वही एक आणि उत्तरांची वही दुसरी, दोन वेगळ्या कपाटांत, मधे फक्त क्रमांक. मोबाइलवर फोटो नाही. अहवालात "वडील बुडून गेलेली सातवीतली मुलगी" असं लिहिलं की नाव न लिहिताही गावाला ती कळते. असे तपशील बदला किंवा गाळा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो, तेव्हा गूगल फॉर्म फिरवण्याआधी दोनदा विचार करा.

तोडणीच्या मुलांबरोबर काम असेल तर आणखी एक तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहा: पट्टा कधी पडणार. मार्चच्या आसपास एक दिवस कारखाना थांबतो आणि दोन दिवसांत तळ रिकामा होतो. कोप्यांच्या जागी राख आणि पाचट. गोळ्या सुरू असलेल्या मुलाच्या हाती त्याआधी महिनाभराचं औषध, डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्याच्या जिल्ह्याच्या रुग्णालयाचा पत्ता असायला हवा. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत हे आईला तोंडी सांगायचं, आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायची, कारण ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणार असते.

स्वतःच्या माणसांसाठी आठवड्यातून एकदा बसा. कुणी काय ऐकलं ते बोलायचं, फक्त चहा आणि बोलणं. आमच्यातल्या एकीनं पुरातल्या मुलांचं ऐकून झोप घालवली होती आणि दोन महिने कुणाला कळलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या यायच्या आधी, मी पत्त्यांचा कागद पुन्हा काढते आणि त्यावरचा प्रत्येक नंबर स्वतः लावून बघते. गेल्या खेपेला दोन बदललेले निघाले आणि एका विभागाचा वार मंगळवारचा गुरुवार झाला होता. नवा कागद टाइप केला, घडी घातली, फॉर्मच्या गठ्ठ्यावर ठेवला. मग पिशवी भरली.